युनचान लिमचे शोपाँ एट्यूड्स, हेडफोन लावूनच ऐका
एट्यूड म्हणजे खरं तर पियानोच्या रियाजाचा तुकडा, बोटांची एकेक अडचण सोडवायला लिहिलेला, पण संगीतकार शोपाँने त्यातच सगळं गाणं भरून ठेवलंय आणि या कोरियन पियानिस्ट पोराने ते असं काही बाहेर काढलंय ना! डेका या रेकॉर्ड कंपनीचा हा अल्बम २०२४ चा, ऑप. (ओपस, म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) १० आणि २५ मिळून २४ तुकडे, साधारण तासाभराचा.

लिम जन्मला २००४ ला, २०२२ मध्ये टेक्सासला व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा जिंकला तेव्हा जेमतेम १८ चा, इतक्या लहान वयात आधी कोणीच जिंकलं नव्हतं. फायनलमधला त्याचा रॅखमॅनिनॉफचा तिसरा पियानो काँचेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची मोठी रचना) यूट्यूबवर आहे, तोही बघाच.

ऑप. १० नं. २ मध्ये उजव्या हाताची शेवटची तीन बोटं, म्हणजे सगळ्यात कमजोर, सतत पळत असतात तरी सूर कुठेच जड होत नाही. माझा लाडका मात्र ऑप. २५ नं. ७, डावा हात चेलोसारखा (व्हायोलिनच्या घराण्यातलं खोल आवाजाचं वाद्य) गातो आणि लिम अजिबात घाई करत नाही, रात्री दिवे बंद करून तीनदा ऐकला. एकदोन फास्ट तुकड्यांत थोडा श्वास हवा होता असं वाटलं. ग्रामोफोन या संगीत मासिकाचा पियानो अवॉर्ड मिळालाय, अगदी पटतं. पाचपैकी साडेचार.