आधी बांध की आधी रोपं? मध्य कालीमंतानची पीटभूमी

पीट म्हणजे पाण्यात हजारो वर्षं साचत गेलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा आणि मुळं. ओली असेपर्यंत ती कार्बन धरून ठेवते, वाळली की पेटते. बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतान प्रांतात अशी जमीन पुष्कळ आहे. इंडोनेशियाने 1990 च्या दशकात भातशेतीसाठी इथे हजारो किलोमीटर कालवे खणले. भात धड पिकला नाही, पाणी मात्र निघून गेलं. 2015 च्या आगींत देशभरात सुमारे 26 लाख हेक्टर जळालं.

ही जमीन सावरायला एक मार्ग रोपं लावण्याचा. जेलुतुंगचं झाड चीक देतं, बलांगेरानचं झाड दलदलीत तग धरतं, रोपवाटिकेतून गावात चार पैसे येतात. पण कोरड्या पीटमध्ये आग जमिनीखालून धुमसत येते. वरून हिरवं दिसत असतं आणि मुळं खाली जळून गेलेली असतात.

दुसरा मार्ग कालवे अडवण्याचा. गलाम नावाच्या झाडाच्या ओंडक्यांच्या दोन रांगा ठोकायच्या आणि मधल्या जागेत भरलेल्या गोण्या रचायच्या. जमिनीतलं पाणी पृष्ठभागापासून 40 सेंटिमीटरच्या आत ठेवावं, असा तिथला नियम आहे. अडचण एकच, पण मोठी: हेच कालवे गावकऱ्यांच्या होड्यांचा रस्ता आहेत. होडीपुरती वाट न ठेवता बांध घातला, तर गावकरी तो फोडणारच, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मला विचाराल तर आधी बांध, तोही गावाशी बोलून. जमीन ओली झाली की पुष्कळशी झाडं आपणहून उगवतात. जिथे जंगल फार लांब गेलंय, तिथेच रोपं लावावीत.