बटाट्याच्या बेण्यासाठी शीतगृह: खोली उत्तम, परतीची पद्धत सदोष

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मृगाच्या पावसावर बटाटा लावणाऱ्यांना, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढलेले बेणे जूनपर्यंत कुठे ठेवावे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. आम्ही ते आजवर घरच्या माळ्यावर ठेवत असू. यंदा चार पोती माळ्यावर ठेवली आणि दहा पोती शहराजवळच्या एका खासगी शीतगृहात दिली.

खोलीविषयी माझी काहीच तक्रार नाही. बेण्याला 2 ते 4 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. मी दोनदा जाऊन पाहिले, तेव्हा तापमापक 3 अंशांच्या आसपासच होता. थप्प्यांमध्ये हवा खेळण्याइतकी जागा सोडलेली होती. खाण्याच्या बटाट्याची खोली वेगळी आहे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण तो माल 10 ते 12 अंशांत ठेवून त्याला कोंब येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी देतात आणि ती बेण्याला लागली तर उगवणच बिघडते. जूनच्या सुरुवातीला बाहेर आलेल्या आमच्या बेण्याची (वाण कुफरी ज्योती) साल टणक होती आणि डोळे मिटलेलेच होते. माळ्यावरचे बेणे मात्र सुरकुतले होते आणि त्याचे वीतभर लांब पांढरे कोंब हात लावताच मोडत होते.

तक्रार आहे ती माल परत देण्याच्या पद्धतीविषयी. पोती एक दिवस मधल्या, कमी गार दालनात ठेवून मग द्यायला हवीत. इथे ती सकाळी थेट ट्रॉलीत भरली गेली आणि घरी पोचेपर्यंत बटाट्यांना घाम सुटून पोत्यांचे तळ ओले झाले. विचारले तेव्हा, पावसाआधी सगळ्यांनाच घाई असते, एवढेच उत्तर मिळाले. भाडे तर आगाऊच घेतले होते.

घाई मीही केली. दोन पोती तिसऱ्याच दिवशी लावली. त्या सऱ्यांत उगवण उशिरा आणि विरळ झाली, बहुतेक ठोंबांना एक-दोनच खोड आली आणि काही बेणे ओल्या मातीत कुजले. उरलेली आठ पोती गोठ्याच्या पडवीत, ऊन न लागता उजेड मिळेल अशी, पंधरा दिवस पातळ पसरली. त्यांना आखूड, जाड, हिरवट कोंब आले, ती एकसारखी उगवली आणि ठोंबाला चार-पाच खोड मिळाली. माळ्यावरचे बेणे सर्वांत आधी उगवले. पण उन्हाळ्याच्या उष्म्यात ते आधीच म्हातारे झालेले असल्याने त्याची झाडे लवकर पिवळी पडली आणि बटाटा गोटीएवढाच राहिला.

पुढच्या वर्षी सगळे बेणे त्याच शीतगृहात देईन, मात्र लावणीच्या तीन आठवडे आधी सोडवून आणीन. पडवीतली जळणाची लाकडे आतापासूनच हलवायला घेतली आहेत.