शेठने मला कधी शिवीसुद्धा दिली नाही

डाव्या हाताने टाइप करतोय, वेळ लागतो. उजवा मनगटापासून नाही. जून २०१७ मध्ये पुण्याजवळ भोसरीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर गेला. पायडल एकदाच दाबलं होतं, मशीन दोनदा खाली आलं. सेन्सर होता, पण त्याने माल कमी निघतो म्हणून वायर काढून ठेवलेली. आम्हा आठही जणांना हे माहीत होतं, मलाही. वय तीस, पगार साडेबारा हजार.

फसवणूक म्हटलं की लोकांना दमदाटी आठवते. माझं सगळं गोडीगुलाबीने झालं. शेठनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, बिल भरलं. गावाहून आई आली तेव्हा तिला म्हणाले, "मावशी, पोरगा माझा समजा, काळजी सोडा." दहाव्या दिवशी शंभराचा स्टॅम्प पेपर घेऊन खोलीवर आले. दीड लाख रोख, शिवाय "मी आहे तोवर तुझी नोकरी पक्की." पेपरवर लिहिलं होतं की पूर्ण भरपाई मिळाली, काही तक्रार नाही. नोकरीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सही येईना, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मी बारावी शिकलेला माणूस, पण वाचलं नाही. भावाने वाचलं आणि म्हणाला, कोर्टात चपला झिजतील, हा माणूस चांगला आहे.

पुढे दोन वर्षं गेटवर खुर्ची टाकून बसलो. मालाचं चलन बघायचं, चहा सांगायचा. पगार वेळेवर, दिवाळीला मिठाईचा पुडा. युनियनमधल्या एकाने विचारलं होतं, क्लेम टाकलास का? मी त्याच्यावरच उखडलो, खाल्ल्या मिठाला जागायला नको का म्हणून. मग २०१९ मध्ये, अपघाताला दोन वर्षं होऊन अकरा दिवस झाले आणि शेठ म्हणाले, मंदी आहे, गेटवर माणूस परवडत नाही. त्या साली गाड्यांच्या धंद्यात मंदी होतीच, त्यामुळे संशयही आला नाही.

अकरा दिवसांचा अर्थ शिवाजीनगर कोर्टात कळला. अपंगाला आणि कारखान्यातल्या कामगाराला विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन लावला तरी वाट सांगतात. माझ्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न तारखेचाच विचारला. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा असे. मग त्यांनी हिशेब मांडला. पगार जास्त असला तरी तेव्हा महिन्याचे ८,००० च धरत. त्याचे साठ टक्के ४,८००, गुणिले कायद्याने तिसाव्या वर्षाला ठरवलेला आकडा २०७.९८, म्हणजे ९,९८,३०४ रुपये. मनगटापासून हात गेला तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची ताकद ६० टक्के गेली असं धरलेलं, म्हणजे ५,९८,९८२. वर १२ टक्के व्याज. दवाखान्याचं बिल यात मोजायचंच नसतं. डावा हात गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १०० टक्के धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. प्रेसही चालत नाही, पण ते आम्हाला पटवता आलं नाही.

आणि स्टॅम्प पेपर? बाई हसल्या. असा करार आयुक्तांकडे (आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच ते काम बघतात) नोंदवला नसेल तर मालक सुटत नाही. उलट दिलेल्या पैशातले साधारण निम्मेच त्याला वळते करून घेता येतात. म्हणजे कागदाने मी अडलोच नव्हतो. अडलो होतो त्या खुर्चीने.

सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. माझा झाला, पण त्यातच दीड वर्ष गेलं. पुढे दवाखान्याचा जुना केसपेपर निघाला. भरती करताना सुपरवायझरने लिहून दिलं होतं, मोटारसायकलच्या चेनमध्ये हात अडकला. मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. नंतर तरी तो कागद मागून बघायला हवा होता, पोलिसांत जबाब द्यायला हवा होता. हजेरीच्या वहीत माझं नावच नव्हतं. साक्षीला एकच जण आला, बाकीच्यांना मी बोल लावत नाही, त्यांनाही पोरं आहेत.

२०२३ मध्ये ६० टक्क्यांचा आदेश झाला. तोवर शेडला कुलूप, आणि मशिनं मेहुण्याच्या नावाने पलीकडच्या गल्लीत. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणून माझ्या तहसीलच्या फेऱ्या सुरू झाल्या.

(दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा लागतो, तो रस्ता वेगळा. आता नवी सामाजिक सुरक्षा संहिताही आली आहे. तुमची मुदत तुमच्या तारखेवरून विचारून घ्या, माझ्या नाही.)

आदेश झाला त्याच वर्षी दिवाळीत साक्षीला आलेल्या सोबत्याचा फोन आला. पलीकडच्या गल्लीत एका पोराची दोन बोटं गेली, म्हणाला, पण शेठनी त्याला लगेच गेटवर बसवलंय. मी विचारलं, तारीख कुठली? ऑगस्ट २०२२. नऊएक महिने उरले होते. मी त्या पोराचा नंबर मागून घेतला.