मोझार्टवर पेपर लिहायचा असेल तर : साल्झबर्गची 'एनएमए ऑनलाइन' सेवा

'मोझार्ट : जीवन आणि कार्य' हा विषय पंधरा पानांच्या पेपरात मावत नाही. चरित्रातच दहा पानं जातात आणि संगीताला हात लागत नाही. विषय बारीक करायचा तर मूळ स्वरलिपी समोर हवी, आणि त्यासाठी साल्झबर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानाची ही मोफत सेवा फार मोलाची आहे. 'बेरेनरायटर' या जर्मन प्रकाशनसंस्थेने १९५५ पासून छापलेली मोझार्टची समग्र आवृत्ती ('नॉय मोझार्ट-आउसगाबे', म्हणजेच एनएमए) डिसेंबर २००६ पासून इथे पानापानाने पाहता येते. छापील खंड बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात बसून अभ्यास करणाऱ्याला हा मोठाच आधार आहे.

एक उदाहरण घेऊ. शोधचौकटीत कोशेल क्रमांक (मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) ६२६ टाका. ही 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, मोझार्टच्या मृत्यूमुळे (५ डिसेंबर १७९१) अपुरी राहिलेली. लेओपोल्ड नोवाक यांनी १९६५ मध्ये ती दोन भागांत संपादित केली : पहिल्या भागात फक्त मोझार्टने लिहिलेलं, दुसऱ्यात आयब्लर आणि स्यूसमायर या दोन संगीतकारांनी त्याच्या मृत्यूनंतर घातलेली भर. इथेच विषय सापडतो. 'रेक्विएम कोणी पूर्ण केली' यावर ढीगभर लिहून झालं आहे. त्याऐवजी तिच्यातल्या 'रेक्स ट्रेमेंडे' या भागाचे २२ बार (स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेले ठरावीक मात्रांचे तुकडे) घ्या आणि एवढंच विचारा : एकाच आराखड्यावर दोघांनी वाद्ययोजना कशी वेगळी केली? दोन्ही भाग दोन खिडक्यांत उघडा. वहीत बारवार तीन रकाने आखा : मोझार्ट, आयब्लर, स्यूसमायर. मोझार्टच्या रकान्यात गायनाचे चार आवाज आणि बास जवळजवळ सलग भरतात, व्हायोलिन काही ठिकाणीच. बाकी जागा रिकामी दिसते, आणि ट्रम्पेट, टिंपनी (नगारे), बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या जातीचं वाद्य) तिथे कोणी कधी आणले हे पाहणं म्हणजेच तुमचा पेपर.

'रेक्विएम'मधलाच 'लाक्रिमोसा' हा भाग मात्र या कामासाठी घेऊ नका. मोझार्टचं लेखन आठव्या बारला थांबतं आणि आयब्लरने पुढे सोप्रानोचे (सर्वांत उंच आवाजाचे) दोनच बार लिहून काम सोडलं, त्यामुळे तुलनेला काही उरतच नाही.

एक चूक हमखास होते. संपादकाने घातलेली चिन्हं या आवृत्तीत वेगळी छापलेली असतात : अक्षरं तिरकी, स्लर (सूर जोडून घ्यायची खूण असलेल्या कमानी) तुटक रेषेचे, काही चिन्हं लहान टायपात. झूम न करता पाहिलं तर तो फरक निसटतो आणि संपादकाचा स्लर मोझार्टच्या नावावर जातो.

उणिवाही आहेत. स्वरलिपीची पानं चित्ररूपात असल्यामुळे त्यांतले सूर शोधता येत नाहीत. पाठभेदांची चर्चा करणारे टीकात्मक अहवाल जर्मनमध्ये आहेत, तेव्हा जर्मन येत नसेल तर पाठभेदांवर आधारलेला विषय निवडूच नका, वाद्ययोजनेसारखा कागदावर दिसणारा प्रश्न घ्या. शिवाय जुने खंड त्यांच्या काळाचे आहेत. संगीत-अभ्यासक ॲलन टायसन यांनी मोझार्टच्या कागदांवरील जलचिन्हांचा अभ्यास केल्यावर कित्येक रचनांच्या तारखा बदलल्या. म्हणून तारखेवर काहीही उभारण्याआधी कोशेल सूचीची २०२४ ची नवी आवृत्ती पाहून घ्या.

आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या साइटवर 'रेक्विएम'ची संगीतकार ब्राम्सने संपादित केलेली १८७७ ची आवृत्ती मिळते. गायला-वाजवायला ती चालेल, पण कोणाचा हात कुठे हे ठरवायला नोवाकच हवेत.

चरित्राचे दाखले मात्र जपून वापरा. सप्टेंबर १७९१ चं, मृत्यूच्या चाहुलीचं म्हणून सांगितलं जाणारं पत्र मोझार्टचं असल्याचा भरवसा अभ्यासकांना नाही, तरी ते पेपरांत पुन्हा पुन्हा येतं. उतारा देताना मालिका, खंड, पान आणि बार लिहा. नुसती साइटची लिंक दिली तर परीक्षकाला तुमचा बार सापडत नाही.