दोन कुत्र्यांची भांडणं, घरी येणारे ट्रेनर, माझा अनुभव

आमच्याकडे दोन माद्या आहेत, सात वर्षांची लॅब्रॅडॉर राणी आणि रस्त्यावरून आणलेली दीड वर्षांची चिंगी. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिल्या आणि दिवाळीनंतर अचानक एकमेकींच्या जिवावर उठल्या, सोडवताना माझ्याच हाताला चावा बसला, रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. आधी एकाने चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घाला, गुरगुरली की झटका द्या सांगितलं, त्याने अजूनच बिघडलं.

मग नाशिकच्या इंदिरानगरला घरी येणारे हे ट्रेनर मिळाले. पहिलंच वाक्य, आधी व्हेटकडे दाखवा. आणि खरंच राणीच्या कंबरेचे सांधे दुखत होते हो, चिंगी अंगावर उडी मारायची म्हणून ती चिडायची! आम्हाला कळलंच नाही बिचारीचं. गुरगुरणं म्हणजे इशारा, त्यावर ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावेल, हे त्यांनी नीट समजावलं.

आता जेवण वेगळ्या खोल्यांत, हाडं-खेळणी समोर ठेवायची नाहीत, मध्ये जाळीचं गेट. गोदापार्कला दोघींना दोन माणसांनी लांब अंतर ठेवून एकाच दिशेने चालवायचं, शांत राहिल्या की चिकनचा तुकडा, अंतर हळूहळू कमी. बास्केट मझलची (चावू नये म्हणून तोंडाला लावायच्या जाळीची) सवयही लावली. भांडण लागलंच तर मध्ये हात घालायचा नाही, पाट नाहीतर उशी सरकवायची.

तीन महिने झाले, एकही भांडण नाही. दोघींना एकटं मात्र अजून सोडत नाही, त्यांनीच बजावलंय. वेळेला थोडे उशिरा येतात, तेवढा एक स्टार कमी.