क्रोमबुक की टॅबलेट: बडोद्यात कॉलेजला जाणाऱ्यांसाठी

एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला प्रवेश घेतला असेल, तर सरळ क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घ्या. लांबलचक असाइनमेंट टाइप करायला खरा कीबोर्डच हवा. टॅबलेटला कव्हरवाला कीबोर्ड लावता येतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि बाकावर ठीक चालणारा तो मांडीवर डुगडुगतो.

क्रोमबुकमध्ये रॅम मात्र ८ जीबीच बघा. ४ जीबीत ब्राउझरचे बरेच टॅब उघडले की मागचे टॅब मेमरीतून काढले जातात. परत गेलात की पान नव्याने लोड होतं आणि कधी कधी अर्धा भरलेला फॉर्मही कोरा! स्वस्त मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. जुनं घेताना सेटिंग्जमध्ये अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख आधी वाचा. नेट जाण्याआधीच गुगल ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइनवर टिक करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी फाइल उघडत नाही. टॅलीचं विंडोजवालं हिशेबाचं सॉफ्टवेअर तर दोन्हींवर थेट चालत नाही. ते रोज लागणार असेल तर विंडोज लॅपटॉपच बरा.

फाइन आर्ट्सवाल्यांचं गणित वेगळं. तिथे टॅबलेटच, तोही दाब ओळखणाऱ्या पेनाचा; साध्या रबरी टोकाच्या पेनाने रेघ जाड-बारीक होत नाही. दांडिया बाजारातल्या मराठी घरात मराठी-गुजराती दोन्ही लागतं. अँड्रॉइड टॅबलेटवर जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्ड अ‍ॅपमध्ये) दोन्ही भाषा घातल्या की स्पेसबार दाबून धरून भाषा बदलता येते.