गिंप ३.० : थेंब, तांबं आणि सावली (काही महिन्यांच्या वापरानंतर)

माझं काम छोटं आहे. घरगुती उद्योगवाल्यांची लेबलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जाहिराती करते. उन्हाळ्यात कोकम सरबत, दिवाळीत फराळ. गिऱ्हाईक मोबाइलवर काढलेला बाटलीचा फोटो पाठवतं आणि म्हणतं, "ताई, बाटली आत्ता फ्रीजमधून काढल्यासारखी दिसू दे." मग काचेवरचे थेंब, मागचं तांब्याचं ताम्हन, खालची सावली, सगळं आपणच तयार करायचं. मार्च २०२५ मध्ये गिंप या फोटोवर काम करायच्या मोफत सॉफ्टवेअरची ३.० ही आवृत्ती आली आणि काही दिवसांतच ही कामं मी त्यावर नेली.

सगळ्यात मोठा फरक फिल्टरचा. आधीच्या २.१० आवृत्तीत ब्लर (धूसर करणारा फिल्टर) मारला की तो लेयरमध्ये, म्हणजे चित्राच्या त्या थरात, मुरायचा. परत बदलायचा तर अनडू करत मागे जा, नाहीतर लेयरची प्रत आधीच काढून ठेव. आता बहुतेक फिल्टर लेयरवर वेगळे राहतात. लेयरशेजारच्या 'एफएक्स' चिन्हावर टिचकी मारायची, आकडा बदलायचा, झालं. "सावली थोडी फिकी करा" हे वाक्य रात्री अकरालाही आता शांतपणे ऐकून घेता येतं. फक्त बम्प मॅपसारख्या, दुसऱ्या लेयरवरून उठाव घेणाऱ्या फिल्टरच्या आधी मी अजूनही प्रत काढते.

पण खरेपणा फिल्टरमधून येत नाही, तो उजेड कुठून येतोय हे ठरवण्यातून येतो. पाण्याचा थेंबच घ्या. उजेड वरून डावीकडून असेल तर थेंबाची तीच बाजू आतून गडद लागते आणि खालची उजवी बाजू उजळ. थेंब भिंगाचं काम करतो, आत शिरलेला उजेड पलीकडच्या कडेला गोळा होतो. वर-डावीकडे फक्त एक छोटा, धारदार पांढरा ठिपका येतो, कारण ते वरच्या पृष्ठभागावरचं थेट परावर्तन असतं. बाहेरची सावली खाली उजवीकडे, थेंबाला चिकटून. यूट्यूबवरच्या निम्म्या थेंबांत ही आतली छटा उलटी असते, म्हणून ते प्लास्टिकचे मणी वाटतात. मोठ्या थेंबाच्या आतलं लेबल किंचित वाकलेलं दिसायला हवं. त्यासाठी थेंबाएवढा भाग निवडून 'अप्लाय लेन्स' फिल्टर वापरते आणि अपवर्तनांक (उजेड किती वाकतो तो आकडा) पाण्याचा ठेवते, १.३३.

थेंब एकाच मापाचे नकोत. थंड बाटलीवर आधी बारीक दव धरतं, त्यातला एखादा जड थेंब घसरतो आणि वाटेतलं दव पुसत जातो. दवाच्या लेयरला मास्क (काळं केलं तिथे लेयर लपवणारा पडदा) लावून त्यावर काळ्या ब्रशने ती वाट मोकळी केली, की बाटली चटकन गार दिसायला लागते.

तांब्याचं गणित वेगळं. काचेवरची किंवा प्लास्टिकवरची चमक पांढरी असते, तांब्याची चमक तांब्याच्याच रंगाची. शुद्ध पांढरा टाकला की ताम्हन लगेच रंगवलेलं वाटतं. आरजीबी नॉइजवर (रंगीत कण टाकणाऱ्या फिल्टरवर) सर्क्युलर मोशन ब्लर, म्हणजे गोल फिरवलेला धूसरपणा, दिला की घासलेल्या धातूच्या गोल रेषा मिळतात. मग कर्व्ह्ज (उजेड-काळोख बदलायची वक्र रेषा) दोनदा वरखाली वळवून उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे उठवायचे.

सावलीसाठी तयार ड्रॉप शॅडो फिल्टरवर विसंबू नका. तो सगळीकडे सारखाच धूसर असतो, खरी सावली तशी नसते. वस्तू टेकते तिथे ती अरुंद आणि गडद, लांब जाईल तशी पसरट आणि फिकी. मी दोन सावल्या वेगळ्या काढते, दोन्ही मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचा रंग गडद करत मिसळण्याची पद्धत), आणि काळ्याऐवजी टेबलाच्या रंगाचीच गडद छटा घेते. शेवटी काढलेल्या सगळ्यावर चिमूटभर नॉइज. मोबाइलच्या फोटोत कण असतोच, तो नसलेली वस्तू वेगळी उठून दिसते.

देवनागरीचा त्रास नाही. युनिकोड फॉन्टमध्ये जोडाक्षरं नीट बसतात. मी 'मुक्त' वापरते. अक्षरांना बाहेरची कडही आता टेक्स्ट टूलमधूनच देता येते आणि मजकूर नंतर बदलता येतो. लेबलवर 'शर्करा'चं 'साखर' करायला सांगणारी मंडळी असतातच.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. एका लेयरवर पाच-सहा फिल्टर रचले की माझा जुना लॅपटॉप प्रत्येक बदलाला विचार करत बसतो. गिंप २.८ च्या काळातल्या ट्युटोरियलमधले आकडे जसेच्या तसे टाकले तर निकाल वेगळा येतो, कारण २.१० पासून लेयर मिसळण्याची पद्धत बदलली. जुनीच छटा हवी असेल तर मोडच्या यादीत 'लेगसी' गट आहे. इतरांच्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फायली उघडतात, पण त्यातलं सगळं जसंच्या तसं राहील अशी आशा नको.

छपाईचं काम असेल तर मात्र सावध. सीएमवायके मध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) थेट काम करण्याची सोय इथे नाही. निर्यात करता येते आणि स्क्रीनवर अंदाज घ्यायला सॉफ्ट प्रूफ आहे. कोकमाचा तो भडक लालजांभळा रंग शाईत उतरत नाही, म्हणून लेबलाचं काम मी पहिल्यापासूनच सॉफ्ट प्रूफ चालू ठेवून करते. प्रोफाइल (त्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) छापखान्याकडून मागून घ्यायची, आणि हजारोंची ऑर्डर जाण्याआधी एक प्रिंट हातात घेऊन दिवसाच्या उजेडात बघायची.